आधी वाईट बोलून घेऊ

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या आमच्या ऑफिसात माझा पहिला डेमो झाला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मी केलेला अ‍ॅपचा स्क्रीन मोठ्या पडद्यावर एकदाही न अडखळता चालला होता. लोक कॉफीसाठी उठले. मागच्या रांगेत एक बाई मात्र तशाच बसून राहिल्या. कानापर्यंत कापलेले करडे केस, सुती कुर्त्यावर जाड लोकरी जाकीट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मराठीत विचारलं, "कोल्हापूरची ना तू? छान केलंस. आता हे कुठे फुटेल ते सांग."

मी म्हटलं, "नाही फुटणार. मी सगळं तपासलंय."

"असं नाही म्हणायचं पोरी. चाललं तर सगळेच खूश होतात, त्यात काय. आधी वाईट बोलून घेऊ, मग निवांत कॉफी पिऊ."

त्या माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या आणि त्यांच्या कपातली कॉफी निवायच्या आत त्यांनी तो स्क्रीन दोनदा बंद पाडून दाखवला. मला रडू यायचं बाकी होतं. त्या मात्र खुशीत होत्या. "आपल्याला सापडलं ना, झालं तर मग," म्हणाल्या, आणि डब्यातून एक वडी काढून माझ्यापुढे धरली. "घे. सांबारवडी आहे." मी वडीत सांबार शोधत राहिले. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

नंदाताई सबनीस आमच्या टीममध्ये टेस्टर होत्या. वस्तू कशी मोडेल ते शोधायचा त्यांना पगार मिळायचा, त्यामुळे ऑफिसात कोणाला त्यांचं काही वाटत नसे. पण ऑफिसबाहेरही त्या तशाच होत्या. मी इथे पहिली सायकल घेतली, ती कौतुकाने त्यांना दाखवायला नेली. त्यांनी दोन्ही चाकं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ब्रेक लागले नाहीत तर कोणत्या बाजूला पडायचं ते ठरवून ठेव. कालव्याच्या बाजूला नको." आमच्यातल्या एकाने रॉटरडॅमजवळ कापेलला घर घेतलं तेव्हा सगळे पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होते, आणि नंदाताई त्याच्या बायकोला सांगत होत्या की घर समुद्राच्या पातळीखाली आहे, तेव्हा पासपोर्ट वरच्या मजल्यावर ठेवत जा. त्या बाईचा चेहरा उतरला. नंदाताईंना ते दिसलंच नाही. वाईट एकदा बोलून झालं की त्यांचं समाधान व्हायचं. मग त्या पोटभर जेवायच्या, हसायच्या, लहान मुलांशी पत्ते खेळायच्या.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या एकट्या या देशात आल्या होत्या. घरी कोण आहे असं विचारलं तर "एक मोठी बहीण आहे, नागपूरला" एवढंच सांगत. पुढे त्या तिथेच परत गेल्या आणि तिथेच वारल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सगळ्या शक्यता बोलून ठेवणाऱ्या बाईला असं एक शब्दही न बोलता जावं लागलं, याचं मला अजून नवल वाटतं. पण त्यांचं नाव निघालं की मला आधी आठवते ती करोनाच्या पहिल्या वर्षातली पानगळ, आणि त्या पानगळीतला एक शनिवार.

त्या वर्षी मार्चमध्ये ऑफिस बंद झालं आणि आम्ही सगळे आपापल्या घरात कोंडले गेलो. रोज सकाळी कॉलवर भेटायचो. नंदाताई नेहमीप्रमाणे सुरुवात करायच्या : टीममधले दोघं एकदम आजारी पडले तर काय, तिसरा दवाखान्यात गेला तर त्याचं काम कोण बघणार. आधी लोक हसले. मग हसणं थांबलं. एक दिवस मॅनेजरने त्यांना वेगळ्या कॉलवर घेऊन सांगितलं की बाकीच्यांना त्रास होतोय, सकाळच्या वेळी जरा चांगलं बोलत जा. त्यानंतर नंदाताई कॉलवर बोलेनाशा झाल्या. पडद्यावर नुसता एक चौकोन दिसायचा, त्यात त्यांच्या नावाची दोन अक्षरं.

मी त्यांच्याच भागात, दोन मेट्रो स्टेशनं सोडून राहत होते, मीही एकटीच. शनिवारी आम्ही दोघी बागेत फिरायला जायला लागलो. दीड मीटरचं अंतर त्या काटेकोर पाळायच्या. दूध आणलं की पिशवी साबणाने धुवायच्या, आणि मी धुतली की नाही ते विचारायच्या. मला त्यांचं ते बोलणं तेव्हा बरं वाटायचं. बाकी सगळे मिळून जे बोलायचं टाळत होते, ते निदान एक माणूस मोठ्याने बोलत होतं.

सप्टेंबर संपता संपता माझ्या आईला करोना झाला, आणि मग मलाही ते ऐकवेनासं झालं.

आई कोल्हापुरात, दादाकडे. वडील पूर्वीच गेलेले. ताप आला, मग दम लागायला लागला, मग दवाखाना, मग अतिदक्षता विभाग. दादा रोज फोनवर एकच वाक्य बोलायचा : "स्टेबल आहे गं. तू काळजी करू नकोस, तू तिकडे स्वतःला जप." आईशी बोलू दे म्हटलं तर म्हणायचा, आत फोन नेऊ देत नाहीत. मला जाता येत नव्हतं. माझ्या इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं होतं, आणि विमानं होती ती मोजकीच. मी दिवसभर फोन हातात धरून बसायची. आंघोळीला जाताना तो बेसिनवर ठेवायची. नातेवाइकांचे निरोप यायचे : होईल सगळं नीट, देव आहे, तुझी आई खंबीर आहे. मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवायची आणि पुन्हा फोनकडे बघत बसायची.

"टेकडीवर जाऊ," नंदाताई एका शुक्रवारी म्हणाल्या. "सारखी फोन बघून राहिली तू. दिवसभर चाललीस तर रात्री झोप तरी लागेल."

या देशात टेकडी म्हणजे पार दक्षिणेचं टोक. तिथे फाल्सरबर्ग आहे, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेवर. याला इथले लोक पर्वत म्हणतात. जोतिबाचा डोंगर अनवाणी चढलेल्या कोल्हापूरच्या पोरीला हसू यावं एवढीच त्याची उंची. पण नंदाताईंनी त्याची चौकशी हिमालयाची करावी तशी केली होती. पायथ्याच्या एका खानावळीच्या मालकिणीला फोन करून तुटक्या डचमध्ये वाट कशी आहे ते विचारलं होतं. ती बाई म्हणे फोनवरच हसली.

"चार दिवस पाऊस होऊन राहिला तिकडे," त्या मला सांगू लागल्या. "माती पिवळी आहे, बारीक, ओली झाली की साबण. वर सगळी पानं पडलेली. पान दिसतं, पानाखाली काय आहे ते दिसत नाही. चढताना काही नाही, उतरताना बघायचं. धुकं असलं तर खालची वाट चुकू शकते. अंधार लवकर पडतो. तुझे बूट कोणते?"

"स्पोर्ट्स शूज."

"मग पडशील," त्या म्हणाल्या, हवामान सांगावं तशा आवाजात.

शनिवारी आम्ही त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून निघालो. मी मागच्या सीटवर, तिरकी, तोंडाला मास्क. खिडक्या दोन बोटं उघड्या, त्यातून गार वारा कानात घुसत होता. नंदाताई सगळ्यात उजव्या, म्हणजे इथल्या संथ रांगेतून, ट्रकच्या मागे, जराही घाई न करता गाडी चालवत होत्या. मास्ट्रिख्टच्या पुढे जमीन हळूहळू वर उचलायला लागली, गावं उतारांवर बसलेली दिसू लागली. एरवी मी हरखून गेले असते. त्या दिवशी मी फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा मोजत होते, रेंज आहे की नाही ते.

खानावळ बंद होती, वाहनतळावर दोनच गाड्या. वाट सुरुवातीला रुंद होती, मग झाडांत शिरली. दोन्ही बाजूंना मातीच्या दरडी आणि मधून वाट, असा तो भाग होता. बीच नावाच्या झाडांची तांबूस पानं घोट्यापर्यंत साचलेली. त्यांच्यावरून चालताना सळसळ आवाज होत नव्हता, सगळं ओलं, गप्प. मधूनच ओकची बोंडं गोट्यांसारखी पायाखालून सटकायची. सायकलवाल्यांच्या चाकांनी पाडलेल्या चऱ्यांत पाणी उभं होतं, आणि त्या पाण्यावरही पानं, त्यामुळे जमीन समजून पाय ठेवावा तो थेट आत जायचा. नंदाताईंकडे एक काठी होती. प्रत्येक पावलाआधी त्या ती पानांत खुपसून बघायच्या. खुपस, पाऊल. खुपस, पाऊल. मी पुढे जाऊन थांबायची, वळून बघायची, त्या अजून तिथेच.

मला वैताग येत होता, आणि वर तो फोन. सीमेजवळ आलं की फोनला देश कळेना. खिशात तो थरथरला की मी हातमोजे ओढून काढून बघायची, तर निरोप असायचा : बेल्जियममध्ये आपलं स्वागत आहे. दहा पावलं गेलं की पुन्हा थरथर : जर्मनीमध्ये आपलं स्वागत आहे. पुन्हा बेल्जियम. प्रत्येक वेळी मला वाटायचं, दादाच. आता गेली.

माथ्यावर कोणी नव्हतं. तीन देशांच्या सीमेचा दगड, कुलूप लावलेली टपरी, आणि चहूकडे धुकं. आम्ही एका लांब बाकाच्या दोन टोकांना बसलो. नंदाताईंनी मधोमध डबा ठेवला आणि मागे सरकल्या, मग मी त्यातलं काढून घेतलं, अशी आमची पद्धत होती. फोन पुन्हा थरथरला. स्वागत आहे. माझ्या हातातून घास पडला.

नंदाताईंनी ते पाहिलं. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "आई गेली तर काय करशील?"

मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"अंत्यविधी ऑनलाइन बघशील का? दादा एकटा करेल का सगळं? तिला काही सांगायचं राहिलंय का तुझं? आधी बोलून घेऊ, पोरी. मग..."

"गप्प बसा!" मी ओरडले. त्या माथ्यावर माझा आवाज मलाच केवढा तरी वाटला. "तो स्क्रीन नाहीये, नंदाताई. माझी आई आहे. ती स्टेबल आहे. दादा रोज सांगतो मला, स्टेबल आहे."

मी उठले आणि चालायला लागले. आलो त्या वाटेने नाही. समोर जी दिसली त्या उतरणीच्या पाऊलवाटेने. मागून त्यांची हाक आली, "तिकडून नको! टाच रोव, टाच रोवून उतर!" मी ऐकलं नाही. डोळ्यांत पाणी, समोर धुकं. उतार तीव्र झाला तसा माझा वेग वाढला, थांबावं म्हटलं तरी पाय थांबेनात. मग पानांखाली एक मूळ होतं, आडवं, गुळगुळीत. उजवा पाय त्याच्यावरून सटकला, मुडपला, आणि मी पाठीवर आपटून खाली घसरत गेले, एका खोडाला अडेपर्यंत.

घोट्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. उठायला गेले तर पाय टेकवेना. धुक्यात वरचं काही दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता. खुपस, पाऊल. खुपस, पाऊल.

"पळत या ना!" मी रडत ओरडले.

"पळाले तर मीही पडेन," वरून उत्तर आलं, "मग दोघी इथेच राहू. हात हलतात का? डोकं आपटलं का? मान हलव."

त्या आल्या त्या त्यांच्या वेगाने आल्या. पण आल्यावर माझा पाय सरळ मांडीवर घेतला, चिखलासकट. बुटाची नाडी सोडली, बोटं हलवायला लावली, घोट्याभोवती हळूहळू दाबून पाहिलं. ते दीड मीटरचं अंतर आमच्यापैकी कोणालाच आठवलं नाही. गळ्यातला लोकरी मफलर काढून त्यांनी पायाला घट्ट गुंडाळला. "मोडलेला वाटत नाही. मोडलेलाही असू शकतो," म्हणाल्या. मग मफलरची टोकं आत खोचत राहिल्या. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

"शिरीष चंद्रपूरला होता नोकरीला," त्या एकदम म्हणाल्या. शिरीष म्हणजे त्यांचे यजमान, हे मला अंदाजाने कळलं. त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी नागपूरला. दुपारी दिरांचा फोन आला, स्कूटरवरून पडला, पायाला लागलं, तू ये. मी विचारलं, मोडलाय का? ते म्हणाले, हो, बहुतेक प्लास्टर घालतील. म्हणून मी काय केलं असेल सांग. त्याचा एक पायजमा काढला अन् त्याची एका बाजूची शिवण उसवत बसले. प्लास्टरवरून चढायला पाहिजे ना. चांगली खालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत उसवली. कडा निघू नयेत म्हणून दुमडून टाके घातले. मग बसस्टँडवर गेले. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बस पोचली तर न्यायला आठ-दहा माणसं उभी. पायाला लागलं म्हणून कोणी आठ-दहा माणसं पाठवतं का? तेव्हा कळलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या पायाकडे बघत होत्या.

"तो सकाळीच गेला होता. मी टाके घालत होते तेव्हा नव्हताच तो. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या भल्यासाठीच केलं त्यांनी, राग नाही माझा. पण मला कोणी सांगितलं असतं, तर मी बसमध्ये त्याच्यासाठी रडले तरी असते. मी पायजम्याचा विचार करत होते."

मी पाय तसाच त्यांच्या मांडीवर ठेवून दादाला फोन लावला. रेंज बेल्जियमची होती, पण लागला.

"दादा, खरं सांग. आई व्हेंटिलेटरवर आहे का?"

मागे वाहनांचे आवाज येत होते. दवाखान्याच्या दारातच असावा.

"दादा."

"परवापासून," तो म्हणाला, आणि माझा तो थोरला भाऊ, ज्याला मी बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, हुंदके देऊन रडायला लागला. "तुला कसं सांगू गं? तू तिथं एकटी. काय केलं असतंस? मी पण एकटाच आहे इथं. कुणाशी बोलू?"

मग आम्ही बोललो. ती गेली तर दवाखाना आत सोडेल का, नाही सोडलं तर काय, मला किती वाजता कळवायचं, मावशीला कोण सांगणार. मी चिखलात बसून आणि तो कोल्हापूरच्या रस्त्यावर उभा राहून, आईच्या मरणाबद्दल आम्ही बहीण-भाऊ शांतपणे बोलत होतो. बोलता बोलता त्याचा श्वास सरळ झाला. शेवटी मी म्हटलं, "दादा, काहीही कर, पण कुणालातरी सांगून तिच्या कानाला फोन लावायला लाव." तो म्हणाला, एक सिस्टर आहे ओळखीची, बघतो.

उतरायला आम्हाला फार वेळ लागला. मी बसून, हातांवर रेटा देत, घसरत घसरत खाली येत होते. नंदाताई माझ्यापुढे, काठीने पानं बाजूला सारत, खालची पिवळी माती उघडी करत. "इथे मूळ आहे. इथे दगड आहे, त्याच्यावर टाच ठेव. इथे खड्डा, डावीकडून ये." उजेड उतरत चालला होता. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्ही वाट चुकलोय असं मला दोनदा वाटलं, त्यांनाही वाटलं असणार. आपण कुठे आहोत हे मला खात्रीने माहीत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्याही. मला तेव्हा भीती वाटत होती, पण महिनाभरात पहिल्यांदाच मी फोन काढून बघत नव्हते. वाहनतळाचा दिवा दिसला तेव्हा नंदाताई काठी टेकून मिनिटभर नुसत्या उभ्या राहिल्या.

परतताना मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. मास्क कुठेतरी पानांत पडला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने फोन लावला. पलीकडे यंत्रांचे आवाज होते. "बोला ताई, कानाला लावलाय," ती म्हणाली. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं एकही आठवलं नाही. मी आईला सांगितलं की तुझ्यासारख्या घड्या घालायला मला अजून जमत नाही, साड्या सगळ्या चुरगळतात. सांगितलं की दर रविवारी फोनवर आपण भांडतो ते मला आवडतं, रविवार सकाळपासून मी त्याचीच वाट बघते. सांगितलं, आई, तू मला फार आवडतेस. हे वाक्य मराठीत इतकं अवघड असतं, हे मला तोंडाने बोलल्यावर कळलं. आणि शेवटी म्हटलं, "दमली असशील तर जा तू. दादाला मी बघेन. आमची काळजी नको."

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. घोट्याला पट्टा होता, मी खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेली असायची. नंदाताई दर दोन दिवसांनी डबा दाराबाहेर ठेवून, मागे सरकून, दारासमोरच्या सामाईक गॅलरीतूनच विचारायच्या, "आज काय?" दादा आता जे असेल ते सांगायचा. ऑक्सिजन कमी झाला, वाढवला. किडनीचं बघतायत. आज ताप. आज ताप नाही. मी ते तसंच्या तसं नंदाताईंना सांगायची. त्या मान हलवायच्या. "होईल नीट" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आणि मग आईच्या घशातली नळी काढली. आठवड्याभराने तिचा पहिला फोन आला. आवाज घोगरा, एकेक शब्द लांबवत. पहिलंच वाक्य : "काय गं, तू मला जा म्हणालीस?"

मी फोन आणखी घट्ट कानाशी धरला.

"मी सगळं ऐकतोय तिथं पडल्या पडल्या," आई म्हणाली. आमच्या कोल्हापूरकडे बायकाही 'ऐकतो, जातो' असंच बोलतात. "म्हटलं, पोटची पोर मला जा म्हणतीया? आता तर मुळीच जात नसतो मी!"

निर्बंध उठले त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली. नंदाताईंचं परत जायचं तोवर ठरलं होतं. बहिणीला अर्धांगवायू झाला होता आणि तिचं करणारं दुसरं कोणी नव्हतं. जाण्याआधी त्या आमच्याकडे जेवायला आल्या. मी सकाळपासून धास्तावले होते. माथ्यावर काय घडलं ते सगळं मी आईला सांगून बसले होते, आणि आई ऐकून नुसतं "असं व्हय" म्हणाली होती. आई "असं व्हय" म्हणून गप्प बसली की पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

नंदाताई पान वाढल्यावरही पाटीसारख्या ताठ बसून होत्या. आईने त्यांच्या ताटात भाकरी घातली आणि समोर बसली.

"तुम्हीच काय हो त्या? ह्या पोरीला विचारणाऱ्या, आई गेली तर काय करशील म्हणून?"

नंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. "हो," त्या म्हणाल्या. "मी विचारलं. विचारायला नको होतं असंही मला नंतर..."

"जेवा की," आई म्हणाली. "भाकरी गार होतीया." मग स्वतःच पुढे बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "बाई मेली की पोरं छाती बडवून सांगतात, आई तू अशी होतीस, तशी होतीस. तिला काय कळतंय त्यातलं? मी जिवंतपणी ऐकलं सगळं. साडीच्या घड्यासुदिक." ती थांबली. "मला कळत नव्हतं दिवस हाय का रात्र. लई भ्या वाटायचं. त्यात हिचा आवाज आला. पोर बोलतीया, पण रडत नाही. माझी पोर उगीच न रडता बोलायची नाही. म्हटलं, हिला तिथं कुणीतरी भेटलंय. एकटी नाही ही."

नंदाताईंनी मान खाली घातली आणि भाकरी खायला लागल्या. आईने आणखी एक भाकरी वाढली.

निघताना त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आई स्वतः गेली, मी मागे. तुमचे पाय दुखत असताना कशाला येता, असं नंदाताई तीनदा म्हणाल्या. लिफ्ट आली. त्या आत गेल्या, वळल्या, आणि आईने बाहेरून हात पुढे करून त्यांचा हात धरला. दार मिटत आलं, आईच्या हाताला लागून पुन्हा उघडलं. पुन्हा मिटत आलं, पुन्हा उघडलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बटण दाबत होतं, लिफ्ट पीं पीं करायला लागली.

"सोडा आता," नंदाताई डोळे पुसत म्हणाल्या. "असं करत राहिलं तर ही लिफ्ट बंद पडेल."

"पडू दे की," आई म्हणाली.